स्पॅगेटीचा सॉस, बाटलीशिवाय

आपल्याकडे 'सॉस' म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती टोमॅटो केचपची बाटली. समोशाबरोबर, सँडविचबरोबर, प्रसंगी पोळीच्या सुरळीबरोबरही तो खपून जातो. त्यामुळे मुलांच्या हट्टाखातर स्पॅगेटीचे पाकीट घरी आले, की त्याच्या जोडीला लागणारा सॉसही बाटलीतूनच यायचा, असे आपण गृहीत धरतो. ही बाटली स्वस्त नसते. एकदा उघडली की लवकर संपवावी लागते, आणि घटकपदार्थांची यादी वाचली तर तीत साखर आणि मीठ बहुधा असतेच. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते, हे लक्षात ठेवून एकदा ती अवश्य वाचावी.

काही वर्षांपूर्वी हा सॉस घरी करण्याचा पहिला प्रयत्न मी केला, तो आपल्या पद्धतीने. कांदा, आले-लसूण आणि टोमॅटो तेल सुटेपर्यंत छान परतले, रंगासाठी थोडे तिखट आणि चवीसाठी चिमूटभर गरम मसाला घातला. तासभराच्या मेहनतीनंतर ते सारे स्पॅगेटीवर ओतून ताटात वाढले, तेव्हा लेकाने गंभीरपणे विचारले, "आई, ही शेवभाजी आहे का?" प्रश्न अगदी रास्त होता. पुढे वाचत आणि करून पाहत गेल्यावर चूक कुठे होती ते उमगले. ती मसाल्यात कमी आणि 'तेल सुटेपर्यंत' या दोन शब्दांत जास्त होती. आपल्या रश्शाची सिद्धता तेल सुटण्यावर ठरते, तर स्पॅगेटीच्या सॉसची तेल सुटू न देण्यावर. एवढा एक फरक ध्यानात आला, की अर्ध्या तासात आणि चार-पाच जिनसांत होणारा हा पदार्थ कोणालाही जमावा.

शेवया आणि टोमॅटो यांची उशिरा झालेली भेट

स्पॅगेटी आणि टोमॅटो ही जोडी आज इतकी पक्की झाली आहे, की ती अनादिकाळापासूनची असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती तशी अलीकडची आहे. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात आला आणि इटलीत त्याला 'पोमोदोरो', म्हणजे सोन्याचे फळ, हे नाव मिळाले. मात्र दीर्घकाळ लोकांनी त्याच्याकडे साशंकतेनेच पाहिले. शेवयांचे प्रकार इटलीत त्याच्या कितीतरी आधीपासून होते. श्रीमंतांच्या घरी त्या चीज, लोणी, साखर आणि दालचिनीसह खाल्ल्या जात. नेपल्सच्या रस्त्यांवर गोरगरीब त्यावर नुसते किसलेले चीज भुरभुरून हाताने खात.

टोमॅटोच्या सॉसची इटालियन पुस्तकातली पहिली प्रसिद्ध कृती सतराव्या शतकाच्या अखेरीस, नेपल्समध्ये छापलेल्या आंतोनिओ लातिनी यांच्या ग्रंथात सापडते. पण हा 'स्पॅनिश पद्धतीचा' सॉस होता, आणि तो शेवयांसाठी नव्हता. भाजून सोललेले टोमॅटो बारीक चिरून त्यात कांदा, मीठ, तेल आणि व्हिनेगर घालावे, असे त्याचे स्वरूप होते. आपल्या भाजलेल्या टोमॅटोच्या चटणीशी त्याचे नाते सहज जुळावे. शेवयांशी टोमॅटोची गाठ पक्की व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८३० च्या दशकाच्या अखेरीस नेपल्सच्याच इप्पोलितो काव्हालकांती यांनी आपल्या पाकग्रंथात टोमॅटो घातलेल्या 'व्हर्मिचेल्ली'ची कृती दिली. व्हर्मिचेल्ली म्हणजे आपल्या शेवयांची थोराड बहीणच.

१८९१ साली पेल्लेग्रिनो आर्तुझी यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. इटलीच्या मध्यमवर्गीय घरांत त्याचे स्थान आपल्याकडच्या 'रुचिरा'सारखे आहे. त्यात टोमॅटोच्या सॉसची कृती काही ओळींची आहे. पाव कांदा, लसणाची एक पाकळी, बोटभर सेलरी, थोडी बेझिल व पार्सलीची पाने, तेल, मीठ, मिरपूड आणि सात-आठ टोमॅटो एकत्र चुलीवर ठेवावेत, दाट झाले की चाळणीतून गाळावे, बस्स. या कृतीच्या आधी आर्तुझी एका गावातल्या पाद्र्याची गोष्ट सांगतात. प्रत्येकाच्या घरात नाक खुपसण्याच्या त्याच्या सवयीमुळे गावाने त्याचे नाव 'डॉन पोमोदोरो' ठेवले होते. कारण टोमॅटोही तसाच, कुठेही शिरतो!

मग हा सॉस बाटलीत कसा गेला? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दक्षिण इटलीतील लक्षावधी लोक पोटासाठी अमेरिकेत गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे स्वयंपाकघरही गेले. एत्तोरे बोइआर्दी हे त्यांच्या पुढच्या पिढीतले एक स्थलांतरित. १९२० च्या दशकात क्लीव्हलंड शहरात त्यांनी भोजनगृह काढले. तिथला सॉस इतका लोकप्रिय झाला, की ग्राहक तो दुधाच्या बाटल्यांत भरून घरी नेऊ लागले. त्यातूनच पुढे डबाबंद स्पॅगेटीचा मोठा उद्योग उभा राहिला. म्हणजे बाटलीतल्या सॉसचा पूर्वजही ताजा रांधलेला सॉसच होता. बाटली आली ती सोयीसाठी, चवीसाठी नव्हे.

घाई इथे गुणकारी

इटालियन सॉस मंद आचेवर तासन्‌तास शिजतो, अशी एक समजूत आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. तासन्‌तास शिजतो तो 'रागू'. नेपल्सचा रविवारचा रागू असो वा बोलोन्याचा खिमा घातलेला रागू असो, त्यात मांस असते आणि ते मऊ व्हायला वेळ लागतो. नुसत्या टोमॅटोच्या सॉसला त्या वेळेची गरज नाही. उलट त्याला तो मारकच ठरतो.

याची कारणे टोमॅटोच्या घडणीत आहेत. त्याच्या वजनात सुमारे ९४-९५ टक्के पाणी असते आणि उरलेल्या भागातील पेक्टिन सॉसला दाटपणा देते. टोमॅटो चिरला वा किसला की त्यातील विकरे, म्हणजे एन्झाइम्स, कामाला लागतात आणि पेक्टिनचे तुकडे करू लागतात. सॉस हळूहळू तापवला तर त्यांना भरपूर अवधी मिळतो आणि सॉस पाणचट होतो. टोमॅटो झटकन कडक तापवले तर ही विकरे निकामी होतात आणि दाटपणा टिकतो. टोमॅटोच्या कारखान्यांतही दाट रस हवा असेल तेव्हा याच तत्त्वाने तो वेगाने तापवतात. दुसरे असे, की ताज्या टोमॅटोचा हिरवट, टवटवीत वास देणारी द्रव्ये अत्यंत उडून जाणारी असतात. तासभर उकळल्यावर त्यांचा मागमूस राहत नाही आणि उरते ती शिजलेल्या टोमॅटोची गोडसर, जड चव. म्हणून रुंद भांडे, मोठी आच आणि थोडा वेळ हे या सॉसचे त्रिसूत्र. भांडे जितके पसरट, तितकी वाफ लवकर निघून जाते आणि तितका सॉस लवकर आटतो.

भांड्याविषयी आणखी एक सूचना. टोमॅटो आंबट असल्याने लोखंडी तव्यात वा उघड्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सॉसला धातूची चव येते. आपल्या आजीने पितळेच्या भांड्याला कल्हई केल्याशिवाय त्यात आमटी केली नसती, ती याच आम्लामुळे. स्टीलची जाड बुडाची कढई यासाठी उत्तम.

टोमॅटो कोणता घ्यावा?

नेपल्सजवळ, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरात पिकणारा सान मार्झानो जातीचा टोमॅटो सॉससाठी नावाजलेला आहे. १९९६ पासून युरोपीय कायद्याने त्याच्या नावाला भौगोलिक संरक्षणही मिळाले आहे. तो लांबट असतो, त्याचा गर जाड असतो आणि बिया कमी असतात. आपल्या मंडईत हा टोमॅटो नाही, पण गुण पाहून निवड करता येते. गावठी गोल टोमॅटो रसाळ आणि आंबट असतो. तो सारासाठी, कोशिंबिरीसाठी छान, मात्र सॉससाठी फार पाणी आटवावे लागते. संकरित लांबट टोमॅटोचा गर जाड असतो, पण तो बहुधा कच्चाच तोडलेला असतो. तेव्हा लांबट टोमॅटो दोन-तीन दिवस आधी आणावेत आणि फ्रिजबाहेर टोपलीत ठेवून लालबुंद होऊ द्यावेत. त्यांत दोन गावठी टोमॅटो मिसळले की चवीला धार येते.

बिया काढून टाकाव्यात असे अनेक पुस्तके सांगतात. त्यांच्याभोवतीचा बुळबुळीत भाग मात्र टाकू नये. टोमॅटोला खमंग, तोंडात रेंगाळणारी चव देणारे ग्लुटामेट गरापेक्षा या भागातच अधिक असते.

टोमॅटो महागल्यावर काय करावे, हा प्रश्न आपल्याकडे दर एक-दोन वर्षांनी येतोच. २०२३ च्या जुलैमध्ये किलोला शंभर रुपयांच्या वर गेलेला भाव अनेकांना आठवत असेल. अशा वेळी, किंवा हंगाम नसताना, इटालियन गृहिणीही डब्यातले सोललेले टोमॅटो वा गाळलेला रस बिनदिक्कत वापरतात. त्यात कमीपणा नाही. फक्त डब्यावर 'टोमॅटो' आणि फार तर 'मीठ' एवढेच लिहिलेले असावे. केचप मात्र पर्याय नव्हे. त्यात व्हिनेगर आणि भरपूर साखर असते, आणि ती चव काही केल्या लपत नाही.

प्रत्यक्ष कृती

साहित्य (चार जणांसाठी) : पिकलेले टोमॅटो १ किलो, लसणाच्या ४ पाकळ्या, ऑलिव्ह तेल ४ मोठे चमचे, मीठ १ छोटा चमचा, बेझिलची ८-१० पाने, हवी असल्यास चिमूटभर कुटलेली लाल मिरची, स्पॅगेटी ३५० ग्रॅम.

कृती : प्रथम मोठ्या पातेल्यात तीन ते साडेतीन लिटर पाणी उकळत ठेवावे. सॉसची तयारी करायची ती पाणी तापेपर्यंत.

टोमॅटो धुऊन आडवे अर्धे कापावेत आणि कापलेली बाजू किसणीवर घासावी. गर खाली पडतो आणि साल हातात राहते. टोमॅटो उकळत्या पाण्यात बुडवून सोलण्याचा खटाटोप यामुळे वाचतो. कच्चे टोमॅटो मिक्सरमध्ये फिरवू नयेत. त्यात हवा मिसळते आणि सॉसचा रंग फिकट गुलाबी होतो. किसलेला गर तसाच ठेवून देऊ नये, लगेच वापरावा; कारण वर सांगितलेली विकरे वाट पाहत नाहीत.

पसरट कढईत तेल आणि चेचलेला लसूण एकत्रच घालून मध्यम आचेवर ठेवावे. आपली फोडणी कडकडीत तेलात होते, इथे तसे करू नये. लसणाचा वास तेलात हळूहळू उतरावा आणि तो जेमतेम सोनेरी व्हावा. तपकिरी झाला तर कडवट लागतो आणि तो कडवटपणा सॉसभर पसरतो. लाल मिरची घालायची असल्यास याच वेळी घालावी. मग टोमॅटोचा गर ओतून आच मोठी करावी. मीठ घालून झाकण न ठेवता पंधरा ते वीस मिनिटे खदखदू द्यावे आणि अधूनमधून ढवळावे. शिंतोडे उडतात, तेव्हा सांभाळून. उलथन्याने कढईच्या तळावर रेघ ओढली आणि ती क्षणभर तशीच राहिली, की सॉस तयार झाला.

लसणाऐवजी कांदा आवडत असेल तर तो बारीक चिरून तेलात आधी पूर्ण मऊ करावा आणि मगच टोमॅटो घालावेत. टोमॅटोच्या आंबटपणामुळे कांदा शिजायचा थांबतो आणि नंतर कितीही उकळला तरी दाताखाली येतो.

चिरण्या-किसण्याइतकेही त्राण नसेल त्या दिवसासाठी एक उपाय आहे. मार्चेल्ला हाझान या इटालियन-अमेरिकन पाकलेखिकेच्या १९९२ च्या ग्रंथातील सॉस प्रसिद्ध आहे. त्यात असतात सोललेले वा डब्यातले टोमॅटो, लोणी, सोलून अर्धा केलेला एक कांदा आणि मीठ. हे सारे एकत्र मंद आचेवर पाऊण तास ठेवायचे आणि शेवटी कांदा काढून टाकायचा. वेळ जास्त लागतो, पण तेवढ्या वेळात दुसरी कामे होतात. लोणी असल्याने चव सौम्य येते आणि मुलांना ती विशेष आवडते.

तेल सुटणे आणि मिळून येणे

आता मुख्य मुद्दा. पातेल्यातले पाणी उकळले की त्यात लिटरमागे साधारण दीड छोटा चमचा मीठ घालावे आणि स्पॅगेटी न मोडता सोडावी. एक-दोन मिनिटांत ती मऊ होऊन आपोआप पाण्यात बुडते. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधीच ती काढायची आहे. काढण्यापूर्वी त्या पाण्याचे दोन वाडगे भरून बाजूला ठेवावेत. बहुतेक घरांत हे पाणी सरळ मोरीत जाते आणि त्याबरोबर सॉसचे अर्धे मर्मही वाहून जाते.

स्पॅगेटी ड्युरम गव्हाच्या रव्यापासून बनते. आपल्याकडचा बन्सी गहू याच कुळातला. ती उकळताना तिच्यातला थोडा स्टार्च पाण्यात उतरतो आणि पाणी पातळ पेजेसारखे गढूळ होते. तेल आणि टोमॅटोतील पाणी स्वभावतः एकमेकांत मिसळत नाहीत. हा स्टार्च मात्र त्यांच्यामध्ये मध्यस्थी करतो. निथळलेली स्पॅगेटी सॉसच्या कढईत घालून वर पळीभर पेजेचे पाणी घालावे आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटे सतत उलथत राहावे. पाहता पाहता तेलाचे थेंब दिसेनासे होतात, सॉसला तुकतुकी येते आणि तो शेवयांना धरून बसतो. कोरडे वाटले तर आणखी थोडे पाणी घालावे. आपण पिठल्याविषयी वा आमटीविषयी 'मिळून आले' म्हणतो, तोच अर्थ इथे अभिप्रेत आहे. ताटलीत वाढल्यावर तळाशी पाणी वा कडेला तेलाचे कडे दिसले, तर सॉस मिळून आला नाही असे समजावे.

म्हणूनच शिजलेली स्पॅगेटी गार पाण्याखाली धुऊ नये. चिकटू नये म्हणून तिला तेलही चोळू नये. धुतल्याने स्टार्च जातो आणि तेल चोळल्याने सॉस घसरतो. या तेलाचा आणखी एक उपयोग आहे. टोमॅटोतील लायकोपीन हे लाल रंगद्रव्य शिजवल्यामुळे आणि स्निग्ध पदार्थाच्या सोबतीमुळे शरीरात अधिक चांगले शोषले जाते.

चव साधताना

सॉस फार आंबट झाला तर अर्धा छोटा चमचा साखर पुरते. सोडा घालायचा तर कणभरच. जास्त झाल्यास साबणासारखी चव येते. आले, हळद, गरम मसाला यांचा मोह टाळावा. ते वाईट म्हणून नव्हे, तर त्यांच्यापुढे टोमॅटोचे काही चालत नाही म्हणून.

बेझिलऐवजी अंगणातली तुळस घालण्याची कल्पना सुचते. तुळशीला लवंगेसारखा उग्र वास असतो, त्यामुळे तिने सॉसची चव बदलते. गंमत अशी, की फालुद्यातला सब्जा ज्या वनस्पतीचे बी आहे, तीच जातकुळी इटालियन बेझिलची. वाण मात्र वेगळे असल्याने वासात फरक पडतो. बेझिल मिळालेच तर पाने हाताने तोडून गॅस बंद केल्यावर घालावीत. न मिळाल्यास सॉस तसाच ठेवावा किंवा चिमूटभर सुके ओरेगानो चुरडून घालावे.

चीजविषयी शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट अवश्य जाणून घ्यावी. खरे 'पार्मिजानो रेज्जानो' चीज वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने विरजले जाते, म्हणजे ते शाकाहारी नसते. उपाहारगृहात 'व्हेज पास्ता' म्हणून समोर येणाऱ्या ताटलीबाबतही हा प्रश्न जरूर विचारावा. घरी हिरवा ठिपका असलेले, वनस्पतिजन्य वा सूक्ष्मजीवजन्य रेनेटचे चीज वापरता येते. किंवा दक्षिण इटलीतल्या गरिबांनी केले तेच करावे. चीज परवडत नसे, तेव्हा ते शिळ्या पावाचा चुरा तेलात कुरकुरीत परतून शेवयांवर घालत.

उरलेला सॉस

दुप्पट सॉस करून ठेवणे नोकरदारांना सोयीचे. फ्रिजमध्ये तो झाकून तीन-चार दिवस राहतो. फ्रीझरमध्ये छोट्या डब्यांत भरून ठेवल्यास दोन-तीन महिने टिकतो. घरच्या घरी बाटलीत भरून फळीवर ठेवण्याचा प्रयोग मात्र करू नये. लोणचे टिकते म्हणून सॉसही टिकेल, हा तर्क घातक आहे. बोट्युलिझम या आजाराला कारणीभूत होणारे जीवघेणे विष निर्माण करणाऱ्या जिवाणूंची वाढ आम्लता पुरेशी असेल, म्हणजे सामू ४.६ पेक्षा कमी असेल, तरच रोखली जाते. टोमॅटो या सीमारेषेच्या आसपास असतो, आणि कांदा-लसूण घातल्यावर आम्लता आणखी कमी होते. हे विष चव वा वास पाहून ओळखता येत नाही.

तसे पाहता साठवणीची फारशी गरजही भासू नये. कामावरून आल्यावर गॅसवर पाणी ठेवायचे, ते उकळेपर्यंत टोमॅटो किसायचे, स्पॅगेटी शिजेपर्यंत सॉस आटतो आणि दोघांची गाठ एकाच कढईत पडते. गेल्या आठवड्यात लेकाने हे सगळे एकट्याने केले. मी मध्येच "तेल सुटलं का बघ" म्हणाले, तेव्हा तो हसून म्हणाला, "आई, सुटायचं नाहीये, मिळून यायचंय."